शेपूट बघून घेतलेला लॅपटॉप

"प्रोसेसर मी निवडणार," ठिणगी म्हणाली. "आणि मध्ये कोणी बोलायचं नाही."

आता, ज्या घरात ती हे म्हणाली त्या घरात मध्ये बोलणं सोडून कोणाला दुसरा छंदच नव्हता. आई कढई घासता घासता बोलायची, बाबा तोंडात दोरा धरून बोलायचे, आणि ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, तर बोलायलाच यायचे. चहा मिळायचा तो वर.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव हजेरीपटापुरतंच होतं, आणि दहावीच्या वर्षात गणिताच्या सरांनी "उभी राहा" म्हटल्यावर ती जी उभी राहिली ती थेट चालत घरीच आली, त्यामुळे हजेरीपटाचाही प्रश्न मिटला. तेव्हापासून ती बाबांच्या वर्कशॉपमध्ये बसायची. डोळा घारीचा आणि डोकं बंबाचं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या गाडीचं सीट कुठल्या बाजूला फाटलंय ते ती गाडी न बघता सांगायची. "तुमची पँट एकाच बाजूला घासलीय काका, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराकडची कड गेलीय." काका गाडीपर्यंत जाऊन बघून यायचे आणि गप्प बसून चहा प्यायचे.

बाबांचा धंदा सीट कव्हरचा. मोटारी, रिक्षा, बसगाड्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा. बाबांच्या हातात रेक्झिन आलं की समोरची वस्तू उघडी राहायची नाही. घरातल्या फ्रीजला कव्हर होतं, फ्रीजच्या दांड्याला वेगळं कव्हर होतं. मिक्सरला होतं, त्याला बटणापुरती खिडकी होती. टीव्हीच्या रिमोटला, इस्त्रीच्या दांड्याला, झाडूच्या मुठीला. घरात झाकण नसलेली एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे ठिणगीचं तोंड, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

वर्कशॉपच्या जुन्या लॅपटॉपलाही अर्थातच कव्हर होतं. मरून रेक्झिन, आत बोटभर फोम, दुहेरी शिवण, कडेनं पांढरी पायपिंग. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, वायरीसाठी एक भोक, बाकी चारी बाजू आणि तळ बंद. हे कव्हर काढायची सोय नव्हती. ते लॅपटॉपवरच शिवलेलं होतं. बाबांचं म्हणणं असं, की जे काढता येतं ते कव्हर नव्हे, तो कपडा.

त्याच ताग्यातल्या उरलेल्या तुकड्यातून बाबांनी स्वतःच्या जेवणाच्या डब्याला एक जाकीट शिवलं होतं. त्यात सकाळी भरलेली भाजी दुपारीसुद्धा तोंड पोळायची. ह्या जाकिटाचा बाबांना फार अभिमान होता.

तर लॅपटॉप. त्यावर एक प्रोग्राम होता. गाडीचा फोटो टाकला की सीटला हवा तो रंग चढवून दाखवायचा. ठिणगी तो फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकली होती, आणि गिऱ्हाईकं त्यावर खूश असायची. अडचण एकच होती. रंग चढायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात बाबा खरोखरचं सीट शिवून मोकळे व्हायचे.

एरवी हे चाललं असतं. पण थिएटरचं काम आलं.

गावातल्या मोठ्या थिएटरच्या सगळ्या खुर्च्या नव्यानं मढवायच्या होत्या. असं काम बाबांच्या आयुष्यात आलं नव्हतं. थिएटरचे मालक स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, "शनिवारी दुपारचा खेळ सुटला की या. माझा हॉल कुठल्या रंगात कसा दिसेल ते मला पडद्यावर दाखवा. आवडलं तर काम तुमचं. नाहीतर माझ्या नजरेत आणखी एकजण आहे."

मालक गेल्यावर ठिणगी म्हणाली, "बाबा, हे काम मी मिळवून देते. मिळालं की दारावर पाटी लावायची. 'बाप-लेक सीट कव्हर.'"

बाबांनी तोंडातला दोरा काढला. ते तोंडातला दोरा काढून बोलायला लागले म्हणजे गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"लावतो. आणि नाही मिळालं तर?"

"मिळणार."

"तरी पण. नाही मिळालं तर शाळा उघडली की तू पहिल्या दिवशी बाकावर. गणिताच्या सरांसमोर."

ठिणगीनं क्षणभर गणिताच्या सरांचा चेहरा आठवला, मग जुना लॅपटॉप बघितला. दोन्हींत जिवंतपणा सारखाच होता.

"कबूल," ती म्हणाली. "पण लॅपटॉप नवा लागेल."

तिथून प्रोसेसरचा विषय निघाला आणि तिनं ते मघाचं वाक्य टाकलं.

"बेसिकली," भाऊजी म्हणाले. भाऊजींचं वाक्य इथूनच सुरू व्हायचं. ते विमा कंपनीत होते, टेबलावर एक कॉम्प्युटर होता, आणि तेवढ्या शेजारावर सासुरवाडीत त्यांना तज्ज्ञ समजत. "बेसिकली, आय-नाइन घे. डोळे मिटून."

"नऊच का?"

"नवाच्या पुढे काही नाही म्हणून."

"भाऊजी, तुमच्या बुटाचा नंबर किती?"

"सात. का?"

"नऊ घ्या की. डोळे मिटून."

आई म्हणाली, "कमी वीज खाणारा घे बाई." ताईनं फोनवरून कळवलं की गुलाबी मिळतो. बाबा म्हणाले, "नंबरबिंबर तुम्ही बघा. मला फक्त लांबी-रुंदी सांगा, मी कापड काढून ठेवतो."

ठिणगी फोन घेऊन माडीवर गेली आणि जेवायला हाक मारली तरी खाली येईना. शाळेत जिला बेरजेचा कंटाळा येई ती आता प्रोसेसरची कुंडली मांडत बसली होती. खाली आली ती डोळे लाल करून, पण चेहरा जग जिंकल्यासारखा.

"ऐका," ती म्हणाली. "प्रोसेसर म्हणजे शिवणारा माणूस. रॅम म्हणजे आपलं कापायचं टेबल. माणूस कितीही चलाख आणा, टेबल पाटाएवढं असेल तर अर्धं कापड जमिनीवर लोळणार आणि तो वाकून वाकून मरणार. म्हणून रॅम जास्त घ्यायची. तो पैसा वाया जात नाही. एसएसडी म्हणजे कपाट. हात घातला की दोरा मिळाला पाहिजे, शोधत बसायला नको. ती हवीच."

"आणि नंबर?" भाऊजी म्हणाले.

"नंबर पुढे असतो, खरी गंमत शेपटीला. मागे इंग्रजी यू असला की तो बॅटरी वाचवत हळूहळू चालणारा. एच असला की पळणारा. यू शेपटीच्या सातापेक्षा एच शेपटीचा पाच कधी कधी पुढे जातो. लोक तोंड बघून घेतात. मी शेपूट बघून घेणार."

"बैल घ्यायला चाललीय का ही?" आई म्हणाली.

शोरूममध्ये एसीचा गारवा होता आणि टाय बांधलेला एक विक्रेता होता. ठिणगी आत शिरताच त्यानं तिच्या चपलांकडे बघितलं, मग तिच्या मागून आलेल्या भाऊजींच्या बुटांकडे बघितलं, आणि भाऊजींना म्हणाला, "या सर."

"सर नुसते आलेत," ठिणगी म्हणाली. "घेणार मी."

"अर्थात मॅडम. हा बघा, आय-सेव्हन. पडद्याला बोट लावलं की चालतो. टच."

"आमच्या हाताला दिवसभर गोंद असतो. पहिलं बोट लावलं की दुसऱ्यांदा सुटायचं नाही."

"मग हा बघा. बटणांखाली रंगीत दिवे."

"आम्ही दिवसा काम करतो."

"ह्याचा पडदा सिनेमासारखा आहे, मॅडम."

"आम्ही थिएटरलाच चाललोय, सिनेमा तिथे बघू." तिनं पेनड्राइव्ह काढला. त्यालाही मरून कव्हर होतं. "मला हा आय-सेव्हन, तो दिव्यांचा आणि तो कोपऱ्यातला एच शेपटीचा आय-फाइव्ह शेजारी शेजारी लावून द्या. ह्यात आमचा प्रोग्राम आणि थिएटरच्या हॉलचा फोटो आहे. तिन्हींवर एकदमच रंग चढवते."

विक्रेत्यानं इकडेतिकडे बघितलं. असं गिऱ्हाईक त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण भाऊजी जोरात म्हणाले, "बेसिकली, तिला करू द्या," आणि भाऊजींच्या आयुष्यातलं हे पहिलं उपयोगी वाक्य ठरलं.

तिन्ही पडद्यांवर हॉल उघडला. ठिणगीनं एकदम लाल रंग सोडला. यू शेपटीचा आय-सेव्हन सुरुवातीला झपाझप निघाला, पुढच्या रांगा लाल केल्या आणि मधल्या रांगेत पोचेपर्यंत दम लागल्यासारखा रेंगाळला. थोडी रॅम असलेला तिसरा तर दारातच बसला. एच शेपटीचा आय-फाइव्ह मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन, बाल्कनी रंगवून, पुढच्या रंगाची वाट बघत उभा.

"हा," ठिणगी म्हणाली. "आणि ह्यात रॅम दुप्पट टाकून द्या. दिवे, टच, पिशवी, उंदीर, काही नको."

"पिशवी तरी घ्या मॅडम, लॅपटॉपला संरक्षण..."

ठिणगी आणि भाऊजी दोघंही हसायलाच लागले. विक्रेत्याला का ते कळलं नाही.

घरी त्या संध्याकाळी मिरवणूकच. लॅपटॉप कापायच्या टेबलावर ठेवला, सगळे भोवती उभे, आणि ठिणगीनं हॉल निळा केला, हिरवा केला, पट्ट्यापट्ट्यांचा केला. आई म्हणाली, "अगंबाई, पापणी लवायच्या आत." भाऊजी म्हणाले, "नऊ असता तर पापणी लवायच्या आधी झालं असतं," पण ते कोणी ऐकलं नाही. बाबा लॅपटॉपभोवती हळूहळू फिरत होते आणि त्यांच्या गळ्यात मापाची टेप होती.

सकाळी ठिणगी खाली आली तेव्हा लॅपटॉप जाकिटात होता.

काय जाकीट होतं. मरून रेक्झिन, पण ह्या वेळी वरचं वाण. कोपऱ्यांना गोल वळणं, शिवण इतकी सरळ की तिच्यावरून चालताना मुंगीचंही पाऊल वाकडं पडू नये. "जुन्याला फोमचा एक पदर होता," बाबा खालमानेनं म्हणाले. "हा महागाचा आहे म्हणून दोन घातलेत. तुझ्यासाठी म्हणून."

बाबा असं कधी बोलायचे नाहीत. ठिणगीनं कडेवरून बोट फिरवलं. "पायपिंग एक नंबर झालीय बाबा," ती म्हणाली, आणि लॅपटॉप सुरू केला.

सुरुवातीला तो पळाला. मग चालला. मग एका जागी उभा राहून घरघर करायला लागला. हॉलच्या पुढच्या दोन रांगा निळ्या आणि बाकीचा हॉल भूत बघितल्यासारखा पांढरा. आतला पंखा असा ओरडत होता, जणू कोणी त्याच्या शेपटीवर पाय दिलाय.

"बेसिकली," भाऊजी दारातून म्हणाले.

"बोलू नका."

"मी फक्त नऊ म्हणणार होतो."

बंद करून ठेवला, थोड्या वेळानं उघडला, की परत घोडा. जरा काम दिलं की परत गाढव. आईनं वरून हात लावून बघितला. "ताप आलाय ह्याला. ओलं फडकं ठेवू का?"

"आई, लॅपटॉपला ओलं फडकं ठेवत नाहीत."

"तू लहानपणी हेच म्हणायचीस आणि फडक्यानंच उतरायचा."

बाबा आवाज ऐकून आतून आले. कान लावला. कारागीर माणूस, त्यांना यंत्राचं दुःख चटकन कळायचं. "आवाज फार करतो ना? थिएटरात बरं नाही दिसणार. दे इकडे." त्यांनी तळाला फोमचा तिसरा पदर शिवला. आणि खोटं कशाला बोला, आवाज बंद झाला. पुढच्या दोन रांगा निळ्या व्हायच्या त्याही बंद झाल्या.

ठिणगीनं शोरूममध्ये फोन लावला आणि विक्रेत्याला तोंड भरून ऐकवलं. पाच नंबर काय, शेपूट काय, तुमचा टाय काय. विक्रेता बिचारा शांत होता.

"मॅडम, घरी नेल्यावर काही बदल केलात का?"

"अजिबात नाही," ठिणगी म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. बाळाला टोपडं घातलं म्हणून बाळ बदललं असं कोणी म्हणतं का?

"हवा खेळती आहे ना?"

"खिडकी दिवसभर उघडी असते आमची."

"मग मॅडम, तुम्ही वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं. बदलून देतो. सोमवारी या."

सोमवार. आणि मध्ये शनिवार उभा. ठिणगी फोन आपटणार तेवढ्यात तिनं बघितलं की फोनलाही कव्हर आहे, आपटून काही होणार नाही. तेवढा आनंदही तिला मिळाला नाही. ती माडीवर गेली तर तिथे कोपऱ्यात तिचं जुनं दप्तर धुऊन ठेवलेलं. त्याला नवं कोरं मरून जाकीट.

"असू दे म्हटलं," बाबा जिन्यातून म्हणाले. "लागलं तर लागलं."

शनिवारी दुपारी बाबा, ठिणगी आणि भाऊजी थिएटरात पोचले. भाऊजींना कोणी बोलावलं नव्हतं. ते तांत्रिक मदतीला म्हणून आले होते, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

खेळ नुकताच सुटला होता आणि हॉलचे दिवे लागले होते. दिवे लागले नसते तर बरं, असा हॉल. खुर्च्यांची आतडी बाहेर. कुठे फोम लोंबतोय, कुठे नुसता सांगाडा, एका खुर्चीत तर कोणीतरी खड्डा करून त्यात शेंगांची टरफलं साठवली होती. मालक पहिल्या रांगेत बसले होते, म्हणजे खुर्चीचं जे काही शिल्लक होतं त्यावर टेकले होते. जाड माणूस, नाकावर अर्धा चष्मा.

"बघितलंत? सिनेमा आवडला तर शिट्ट्या मारतात, नाही आवडला तर खुर्ची फाडतात. आणि हल्ली शिट्ट्या ऐकून मला किती दिवस झाले." ते बाबांना म्हणाले, पण बघत ठिणगीकडे होते. "दाखवा काय दाखवताय. पुढच्या खेळाची गर्दी व्हायच्या आत."

ठिणगीनं लॅपटॉप मालकांसमोर स्टुलावर ठेवला. सकाळपासून तिनं त्याला हात लावला नव्हता, देवासारखा शांत ठेवला होता. हॉल उघडला. निळा रंग सोडला. पहिली रांग निळी. दुसरी. तिसरी. मालकांनी चष्मा वर केला. चौथी रांग अर्धी निळी झाली.

आणि राहिली.

"रंग अर्धाच असणार का खुर्चीला?" मालकांनी विचारलं.

"एक मिनिट मालक. येतोय."

"बेसिकली, हा पाच आहे," भाऊजी मालकांच्या कानात म्हणाले. "मी नऊ सांगितला होता."

"पाच काय? नऊ काय? मला सगळ्या रांगा करायच्यात."

लॅपटॉप गप्प. पंखा आत कुठेतरी उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या पोरासारखा हुंदके देत होता. ठिणगीच्या कानात शाळेची घंटा वाजायला लागली. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. आणि बाबा घाबरले की हटकून जे करायचे तेच त्यांनी केलं. ते मागच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डबा उघडला.

डब्यातून वाफ निघाली. सकाळी भरलेला डबा आणि दुपार कलत आलेली, तरी वाफ अशी की बाबांचा चेहराच दिसेना.

"घ्या ना मालक," वाफेतून बाबांचा आवाज आला. "गरमच आहे. कव्हरमुळे. आतली ऊब बाहेर जातच नाही."

ठिणगीनं डब्याकडे बघितलं. मरून रेक्झिन. आत फोम. दुहेरी शिवण. मग लॅपटॉपकडे बघितलं. मरून रेक्झिन. आत फोम, तीन पदर. दुहेरी शिवण. तिनं लॅपटॉपच्या तळाशी हात घातला आणि लगेच काढला.

"बाबा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलली की घरात भांडी लपवायचे. "तुम्ही लॅपटॉप शिजायला घातलाय."

"काय म्हणतेस?"

"त्याच्या पंख्याचं तोंड खाली आहे. ते तुम्ही शिवलंत. तीनदा."

आणि तिनं जाकिटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

काही झालं नाही. तिनं लॅपटॉप मांडीत धरला आणि परत ओढली. मग दात लावले. मग दोन्ही पाय समोरच्या खुर्चीला टेकवून मागे झुकली, तिची वेणी जमिनीला लागली, चेहरा कापडाच्या रंगाचा झाला. शिवण जशीच्या तशी.

"अगं हळू," बाबा कळवळून म्हणाले. "शिवण..."

"तुमच्या शिवणीला काय होतंय बाबा, मलाच काहीतरी होईल. सुरी कुठाय?"

"वर्कशॉपमध्ये."

"भाऊजी, तुम्ही तिकडून धरा."

भाऊजींनी धरलं. दोघांनी ओढलं. भाऊजींच्या बुटाचा तळ सुटला, जाकिटाचा एक टाका सुटला नाही. मालक आता उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानाच्या काचेबाहेर उभ्या पोराचा चेहरा होता तो.

"सरका," मालक म्हणाले. त्यांनी स्वतः कड धरली. ओढली. पोट आत घेऊन ओढली. मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "ए पैलवान!"

पैलवान म्हणजे दारात तिकिटं फाडणारा माणूस. आयुष्यभर फाडायचंच काम केलेला. त्यानं बाह्या वर केल्या, जाकीट हातात घेतलं, ओढलं. मान हलवली. गुडघ्यात धरून ओढलं. शेवटी हात झटकत म्हणाला, "मालक, हे नाही फाटत."

"पिळून बघ."

"बघितलं."

"खिशातल्या किल्लीनं बघ. आपली पोरं किल्लीनंच फाडतात."

पैलवाननं किल्लीनं बघितलं. किल्ली वाकली.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बाबांच्या शेजारच्या मोडक्या खुर्चीत जाऊन बसले.

"हे कुणी शिवलं?"

"मीच," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात घास तसाच होता. "जरा दोरा जाडा वापरतो मी. आणि शिवण दोनदा मारतो. सवय आहे."

"माझ्या सगळ्या खुर्च्या अशाच मढवा. बाल्कनी धरून."

ठिणगी जमिनीवरच बसलेली होती. "पण मालक, रंग? लॅपटॉप थंड झाला की मी निळा, हिरवा, सगळं दाखवते. पट्टेपण आहेत. ह्याचा प्रोसेसर एच शेपटीचा आहे, खरंच पळतो तो..."

"रंग कुठलाही लाव बाई," मालक म्हणाले. "सिनेमा अंधारात असतो."

घरी येताना चौकात बाबा स्कूटरवरच एकाएकी हसायला लागले. इतके हसले की स्कूटर कडेला घ्यावी लागली. "रागानं काम मिळवणारी पहिलीच तू," ते म्हणाले. "सरांनी उगाच हाकललं तुला."

"हाकललं नव्हतं. मी आले होते."

वर्कशॉपमध्ये पोचल्या पोचल्या तिनं टाके उसवायची सुरी घेतली आणि लॅपटॉप सोलला. उघडा लॅपटॉप टेबलावर ठेवला तर त्यानं अख्खा हॉल बाल्कनीसकट निळा केला, आणि आई चहाला आधण ठेवते म्हणेपर्यंत हिरवाही करून दाखवला. जेवढा पळणारा, तेवढा तापणारा. म्हणून तो बिचारा जुन्यापेक्षा जास्त गुदमरला होता. शेपूट बरोबर होती. निवड बरोबर होती. ठिणगीनं हे सगळ्यांना ऐकवलं, आणि भाऊजींना दोनदा.

"बेसिकली," भाऊजी म्हणाले, "मी तुला कधी विरोध केलाच नव्हता."

तेवढ्यात आईनं, हाती सुरी आलीच आहे म्हणून, कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपचं जाकीटही उसवलं आणि बटण दाबलं. जुन्यानं प्रोग्राम उघडला. रंग मागितला. रंग चढवला. नव्याइतका झटकन नाही, पण चहा उकळायच्या आत.

सगळ्यांनी जुन्या लॅपटॉपकडे बघितलं, मग ठिणगीकडे बघितलं.

"म्हणजे नवा घ्यायची..." आईनं सुरुवात केली.

"रॅम दुप्पट आहे ह्यात," ठिणगी घाईनं म्हणाली. "आणि चहा उतू जाईल बघ."

खुर्च्यांचं काम सुरू झालं. मरूनच रंगात, कारण बाबांकडे तोच तागा होता. पहिल्या रांगेत पैलवान रोज किल्ली घेऊन बसायचा आणि रोज हरायचा. दप्तराचं जाकीट भाऊजींनी नेलं, त्यांच्या ऑफिसच्या बॅगेला बसलं. आणि पाटी आली.

पाटी रंगवून आणली तेव्हा ठिणगी थिएटरात मापं घेत होती, त्यामुळे ती तिनं बघितलीच नव्हती. सकाळी उठून ती धावत रस्त्यावर आली, पलीकडच्या फुटपाथवर गेली, कंबरेवर हात ठेवले आणि आपल्या दाराकडे मान वर करून बघितलं.

दारावर लांबच्या लांब मरून जाकीट होतं. पांढरी पायपिंग. कोपऱ्यांना गोल वळणं.

"बाबा!"

"धूळ बसते गं रस्त्याची," बाबा आतून म्हणाले. "अक्षरं फार सुंदर आलीत. आत आहेत."

ठिणगी स्टूल घेऊन आली, सुरी घेऊन आली, स्टुलावर चढली. 'बाप' कुठल्या बाजूला असेल आणि 'लेक' कुठल्या, ह्याचा अंदाज घेत तिनं 'लेक'च्या बाजूनं टोक लावलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. थिएटरचे मालक होते.

"काय गं, मी काम दिलं म्हणून तुझ्या बाबांनी माझ्या लॅपटॉपला एक कव्हर शिवून दिलं. फार देखणं. मी सगळ्यांना दाखवतोय."

"हो का," ठिणगी म्हणाली.

"पण तेव्हापासून तो लॅपटॉप बसल्या जागी मेल्यासारखा झालाय. तुला त्यातलं कळतं म्हणतात. मी कुठला प्रोसेसर घेऊ? तुझे भाऊजी नऊ म्हणाले."

ठिणगीनं एकदा खाली बाबांकडे बघितलं. ते सुईत दोरा ओवत होते आणि त्यांची नजर तिच्या स्टुलाच्या पायांवर होती. मापं घेत असावेत.

"काही घेऊ नका मालक," ती म्हणाली. "मी येते. सुरी हातातच आहे."

ती गेली आणि मालकांचा लॅपटॉप वाचवून आली. पाटी मात्र अजून आतच आहे. मालकांच्या जाकिटाला शिवण दुहेरी होती. पाटी घरची म्हणून बाबांनी तिहेरी मारलीय.